नळीतून दिलेला प्रसाद

३ तारीख, सोम.
यांना दवाखान्यातून घरी आणून बारा दिवस झाले. लकव्यानंतर गिळता येत नाही, बोलता येत नाही, म्हणून पोटात नळी. दर तीन तासांनी सिरिंजने दूध, नाहीतर डाळीचं पाणी. मी आत ओट्याशी उभी राहून जेवते. फोडणी बंद केलीय. वास त्यांच्यापर्यंत गेला की दाराकडे बघत बसतात.
विवेकचा इंदूरहून फोन. "आई, तुला नाही जमलं तर बाबांना इकडे आणतो, नर्स ठेवू." आणि मी? त्याचं काही बोलला नाही. जमतंय म्हटलं.

६, गुरु.
शेजारच्या मंगलाकडे सत्यनारायण. द्रोणात प्रसाद आणून दिला. रवा, तूप, केळं. यांनी जन्मात प्रसाद नाकारला नाही, रस्त्यात कुणी दिला तरी चप्पल काढून घ्यायचे. नुसते बघत राहिले. असलं काही नळीतून द्यायला डॉक्टरनी मना केलेलं, माहीत होतं मला. तरी दुधात कालवून, मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून नळीतून दिला. डोळे मिटले त्यांनी. फार दिवसांनी बरं वाटलं.

७, शुक्र.
नळी तुंबली. कोमट पाणीही जाईना. चिडून जोरात दाबलं तर सगळं नळीच्या कडेने बाहेर. बनियन, चादर... मेली माझी अक्कल.

८, शनि.
भोकाभोवती लाल, गरम, पू. अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, "इसमें क्या डाला था, अम्मा?" दाल का पानी, म्हटलं. विवेकलाही तेच. दोन्ही वेळा हे माझ्याकडे बघत होते.

११, मंगळ.
औषधाने फरक नाही. ही काढून दुसऱ्या जागी नळी घालायची म्हणतात. म्हणजे पुन्हा भोक. "दाल के पानी से ऐसे जाम नहीं होती," डॉक्टर पुटपुटले. मी खाली बघितलं. लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त. विवेकने यांना नेलं तर या घरात मी कोणाशी भांडू?

१२, बुध.
सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "पहले दिन बोलतीं तो..." मग विवेकला फोन. "उद्या येतो," एवढंच.
यांनाही सांगितलं, सगळ्यांना कळलंय म्हणून. चांगल्या हाताने पदर धरून ठेवला माझा. रागाने की कसं, कोण जाणे.
यांचे कपडे बॅगेत भरलेत. माझ्या दोन साड्या काढून पलंगावर ठेवल्यात. भरल्या नाहीत अजून.