सुभेदाराचं रक्त

३ मार्च
डिस्चार्ज मिळाला. डाव्या पायात रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःवरच उलटलंय, त्यामुळे रक्त गोठतं. एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर खात्री होत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. तोवर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. देऊ की! अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलीत. मागच्या वेळी रक्त कधी काढलं, कळलंसुद्धा नाही. बनुबाई म्हणते, सुई बघूनच आडवे झाला होता. बायकोला वाढवून सांगायची सवय आहे.

२० मार्च
संकल्प. रोज गोधडीच्या सुईकडे पाच मिनिटं बघायचं. आज दीड मिनिट. डोळ्यांत पाणी आलं. ऊन फार आहे.

१८ एप्रिल
शाळेत 'जवानांचं धैर्य' यावर बोललो. लय टाळ्या! फौजेत मी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायचो, हे सांगायला वेळ उरला नाही. सुईचा सराव उद्यापासून नक्की.

२६ मे, सकाळी ८
सांगली. सोबत धाकटा भाऊ धुळा. लॅबमध्ये सुयांचा ट्रे दिसला. जरा हवा खायला बाहेर आलो.

सकाळी १०
आई एक, बाप एक, म्हणजे रक्तही एकच. माझ्या नावावर धुळाला बसवलं. "दादा, डाग्दरला कळलं तर?" म्हणाला. म्हटलं, ऑर्डर आहे. गेला बिचारा. जन्मात मला न्हाई म्हणाला नाही.

४ जून
रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. बनुबाई औंधला जाऊन यमाईची ओटी भरून आली, गल्लीभर पेढे वाटले. पहिला पेढा मला. गिळवेना. साखर जास्त होती.

१९ जून
पाय जड. नवी चप्पल भिकार.

२२ जून
चप्पल फेकली, तरी पाय सुजलेलाच. हे ऐकून धुळा मेंढरं सोडून पळत आला आणि बनुबाईपुढं रडायलाच लागला. "वैनी, माजं चुकलं. रगत माजं हुतं." त्याचं चुकलं! मी खाली मान घालून पाय चोळत राहिलो. अशी लाज कधी वाटली नव्हती.

२३ जून
पुन्हा अॅडमिट. बनुबाईनं डॉक्टरांना रक्ताची अदलाबदल सांगून टाकली. डॉक्टर म्हणाले, गाठ फुप्फुसात गेली असती तर? आज सुई मीच घेणार, असं ठणकावून सांगितलं. सिस्टरनं आधी आधार कार्ड मागितलं, फोटो आणि तोंड दोनदा ताडून पाहिलं. सगळा वॉर्ड बघत होता. धुळानं बुजऱ्या मेंढराला धरावं तसं मला धरलं. "दादा, तिकडं बघा." मी डोळे मिटून जोरात ओरडलो.
सिस्टर म्हणाली, आजोबा, अजून नुसता स्पिरिटचा बोळा लावलाय.