याकुबू उजवीकडे वळत नाही

३ फेब्रु., मंगळ
याकुबूचा उजवा गुडघा पुन्हा सुजलाय. महिनाभर येतोय क्लिनिकला, माझ्याकडे फिजिओथेरपीला. घानातल्या तमालेचा, फुटबॉलमधला मिडफिल्डर. अठराव्या वर्षी कोलकात्याला आला, मग गोवा, केरळ. गुडघा गेला तसे क्लबही गेले. आता इथल्या एका संघाकडून टुर्नामेंट खेळतो. बोली पण इथलीच झालीय. माझ्याहून मोठा, तरी मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई. "बरफ नक्को बाजी, बहुत थंडा है." एवढा धिप्पाड आणि बर्फाला भितो.
आज बातमी दिली. गोव्याच्या क्लबने ट्रायलला बोलावलंय. वय एकोणतीस. यानंतर कुणी बोलावणार नाही, हे त्यानेच सांगितलं. हसत.

५ फेब्रु.
एका पायावर उडीची चाचणी. पास. सर खूश (क्लिनिक त्यांचं). मला उतरताना काहीतरी खटकलं. काय, ते कळलं नाही.

८ फेब्रु., रवि
याकुबूची मॅच. आबा करमाडहून आले होते, त्यांनाही नेलं. जन्मात पहिल्यांदा फुटबॉल. थोडा वेळ बघून म्हणाले, "ह्यो मधीच हुबा राहतोय अन् समद्यांला हाकतोय. आपलंच काम की." शेळ्यांमागे आयुष्य गेलं, दुसरं काय दिसणार.
मागून कुणीतरी ओरडलं, "याकूबभाई, पळा की जरा!" शेजारचा म्हणाला, "त्यो कशाला पळंल? बॉल पळतोय ना."
टाळ्या. लोकांना वाटतं, अनुभवाने खेळ पिकलाय. पण तो बॉल आला की लगेच देऊन टाकतो. वळलाच तर डावीकडे. उजवीकडे एकदाही नाही, समोर मोकळी जागा असूनही. गुडघा लपवतोय.

९ फेब्रु.
सरांना सांगितलं. "अगं, आपण उपचार करतो. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"
म्हटलं, उजवीकडे जोरात वळला तर गुडघ्यातलं उरलेलं लिगामेंटही तुटेल. आधी ऑपरेशन, मग वर्षभर आराम, हेच खरं.
"आणि वर्षाने त्याला कोण घेईल?"
सर बरोबर बोलत होते, याचाच जास्त राग आला.

१० फेब्रु.
याकुबूला सरळ विचारलं. आधी हसला, मग नाही. "हौ. दो साल से."
म्हणजे दोन वर्षं अख्खा खेळ बदलून टाकलाय त्याने. मिडफिल्डरला चारी बाजू लागतात, हा तीनवर भागवतोय.
शुक्रवारी क्लबच्या फिजिओचा फोन येणार, गुडघ्याबद्दल विचारायला. त्याने नंबर माझा दिलाय.

११ फेब्रु.
आईचा फोन. तिला सगळं सांगितलं. "बरा हाय म्हणून टाक की बाई. कुणाचं लेकरू, केवढ्या लांबून आलंय."
आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. शिकताना वाटायचं, माणसाला बरं करणं अवघड. खरं सांगणं अवघड असेल असं कधी मनातही...

१२ फेब्रु., गुरु
शेक देताना विचारलं, सरांचा नंबर का नाही दिलास?
"डॉक्टरसाब तो हाँ बोल देते."
"मग?"
"इसलिए नहीं दिया."
बुटाची नाडी बांधत बसला. बांधून झाली तरी.
जाताना दारात म्हणाला, "कल फोन के पहले मैदान पे आओ बाजी. एक बार सीधे हाथ को घूमता मैं. तुम देखो, फिर बोलो उनको."
नको म्हटलं. उजवीकडे वळतोस, वेडा आहेस का म्हटलं. ओरडले चक्क. तो फक्त "सात बजे" म्हणाला आणि गेला.
मी नाही गेले तरी तो वळणार. एकटाच.
फोनवर काय बोलायचं ते ठरलंय, असं दिवसभर वाटत होतं.
सकाळसाठी फ्रीजरमध्ये बर्फ लावून ठेवलाय. दोन पिशव्या.