कुलूप नवी अक्कल घेत असताना

ताईस, चुनछनहून धाकट्या सांगचिलचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? योसूचं समुद्रवारं बाधत नाही ना? माझी प्रकृती ठीक, फक्त पायाची दोन बोटं सुन्न आहेत. त्याचं कारण सांगतो. मन स्वस्थ नाही, जागेवर बसवत नाही म्हणून उभ्यानंच लिहितोय.

आमच्या युनजूनं (लेक बुसानला राहून फोनवरून बापाला वळण लावते) घरात एक पांढरी डबी बसवून दिली आहे. दिवे, पडदे, जमिनीखालची ऊब, दाराचं कुलूप, सगळी डबीचं ऐकतात आणि डबी माझं. बत्तीस वर्षं बस चालवली, पण इतकं निमूट ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं. रविवारी सकाळी फोनवर आलं की उपकरणांचं फर्मवेअर (म्हणजे यंत्राच्या डोक्यातली अक्कल) जुनं झालंय, नवं घालू का? एकेक करून घाला, असं खाली बारीक अक्षरांत होतं म्हणे. मी 'सर्व' दाबलं, फोन तिथंच ठेवला आणि खरकट्याची बादली घेऊन सपातांवर खाली गेलो.

परत येतो तो कुलूप मेलेलं. आकडे दाबले, अंगठा लावला, ढिम्म. आतूनही दाराची मूठ दबेना. आमचा व्हरांडा उघडा, बाहेर उणे नऊ. आतून तुझी भावजय ओकर्ये सांगत होती की पडदे वरखाली पळतायत, जमीन तव्यासारखी तापलीय आणि ती सोफ्यावर उभी आहे. मी म्हटलं, डबीची वायर उपट. ती म्हणाली, फोनवर लिहिलंय, मध्येच बंद करू नका. मी दारापासून लिफ्टपर्यंत येरझाऱ्या घालू लागलो. (शेजारच्या बाई दार किलकिलं करून बघत होत्या. त्यांना वाटलं, बायकोनं हाकललं.)

मग ओकर्ये दाराशी आली आणि शांतपणे म्हणाली, "आता कुठं जाता येत नाहीये, तर ऐका. निवृत्त झाल्यापासून तुम्ही दिव्याशी बोलता, पडद्याशी बोलता. ऑक्टोबरात माझ्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता, ते चार दिवस मी जेवले का, हे तरी विचारलंत?"

ताई, गाठ साधी निघाली हे तुला ठाऊक आहे. पण त्या चार दिवसांत मी रोज डबीला विचारत होतो, घरात गारवा किती. बायकोला काय विचारावं तेच सुचत नव्हतं, भीती वाटत होती. हे मी दाराला तोंड लावून सांगितलं. शेजारच्या बाईंनी आपलं दार हळूच लावून घेतलं. मग आम्ही तासभर बोललो, तिच्या आईबद्दल, युनजूबद्दल, बरंच काही. शेवटी दार उघडलं तेव्हा तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि गरम पाणी आणायला गेली.

भावोजींना नमस्कार. थोरल्यांचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुझा,
सांगचिल

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की शनिवारी आम्ही दोघं आठवडाभर तुझ्याकडे येऊ का? ओकर्येला समुद्र बघत बसायचंय. तुझ्याकडे अशी डबी असेल तर कपाटात ठेव.

ता. क. दुसरा : ओकर्ये सगळ्यांना सांगते की कुलूप तासभर बंदच होतं. ते दहाव्या मिनिटालाच टिणटिणलं होतं, हिरवा दिवाही लागला. मी पाहिला, आणि आत तिनंही ऐकलंच असणार. मूठ मात्र कुणीच दाबली नाही. हे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. तूही विचारू नकोस.