फक्कीने आखलेलं लग्न

माय,

तुझ्याशी बोलावंसं वाटलं म्हणून कागद पुढे ओढला, तर हात आपोआप शाळेतल्या मराठीकडे वळला. आपण दोघी आयुष्यभर अहिराणीत बोललो, भांडलो, रुसलो. तू असतीस तर ही पहिलीच ओळ ऐकून तोंडाला पदर लावून हसली असतीस, "काय वं, पुस्तकना मायक काय बोली ऱ्हायनी?" काय करू, पुस्तकासारखी वाटली तरी लिहायचं म्हटलं की मला हीच भाषा येते. तुझं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवते. ते मला दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकूच येत नाही. सांगायचं आहे ते सगळं आनंदाचं आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला, जिथे वाळत घातलेल्या मिरच्यांची पथारी असायची आणि हिवाळाभर जमीन लालभडक दिसायची, तिथे आता लग्नाचं कार्यालय उभं आहे. ते मी बांधलंय. म्हणजे वीट गवंड्यांनी लावली, पण रेघा माझ्या.

लग्न म्हटलं की मला तूच दिसतेस, आणि दिसतेस ती नेहमी मागच्या अंगणात. पुढे मांडवात बँड वाजतो आहे, भटजी घाई करताहेत, आणि तू मागे चुलीपुढे उकिडवी बसली आहेस. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापलेलं. पुरण भरलेला गोळा तू दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करतेस, तो कोपरापर्यंत पसरतो, आता फाटणार म्हणून मी श्वास रोखते आणि तू तो मांडा अलगद खापरावर टाकतेस. तुझ्याभोवती दहा बाया. कोणी पीठ मळते, कोणी गाणं म्हणते, कोणी नवरदेवाच्या आत्याची नक्कल करते. नवरी मध्येच पळत येऊन तुझ्या हातचा एक गरम तुकडा खाऊन जाते. लग्न पुढे लागायचं, पण घडायचं मागे. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला तेव्हा फक्त धूर डोळ्यांत जायचा.

सुरतेला आर्किटेक्चर शिकायला निघाले तेव्हा तू गोधडीत गुंडाळून एक खापर माझ्या मांडीवर ठेवलंस. मी कितीदा नको म्हटलं! "सुरतमा समदं भेटस, खापर भेटत नही," एवढंच म्हणालीस आणि गाडी सुटली. खांडबाऱ्याला एक बाई चढली. तिला टेकायला जागा हवी होती आणि माझ्या मांडीवर हे गाठोडं. "हाई काय शे वं, पोरी?" "खापर शे." "माय वं! सुरतले खापर लई जाई ऱ्हायनी?" सगळा डबा हसला. मग त्याच बाईने नवापूरपर्यंत ते आपल्या मांडीवर घेतलं, कारण माझे पाय बधिर झाले होते. होस्टेलवर त्या खापराचा उपयोग काय केला ते तुला कधी सांगितलंच नाही. मांडे मला येत नव्हते. आम्ही पोरी त्यावर पापड भाजायचो. पण माझ्या खोलीला सगळं होस्टेल 'खापरवाली की रूम' म्हणायचं, आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांचा अड्डा तिथेच जमायचा.

आणि ते घर आठवतं? सुट्टीत येताना मी आपल्या घराचा नवा आराखडा करून आणला होता. प्रत्येकाला खोली, प्रत्येक खोलीला दार, पुढचा ओटा काढून तिथे गाडी. तू चष्मा लावून तो कागद उलटसुलट पाहिलास. कुठे काय आहे ते मी बोट ठेवून सांगत गेले. शेवटी म्हणालीस, "समदं चांगलं शे. पन या घरमा भांडन कोठे व्हई?" मला इतका राग आला! मी म्हटलं, घर भांडायला बांधतात का? तू म्हणालीस, समदे दार लावून बसले तर भांडण व्हई कसं, आणि भांडण नाही झालं तर मन मोकळं व्हई कसं. मी कागद गुंडाळून ठेवला आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. ओट्यावर बसून दोन दिवस न बोलता तुझ्याबरोबर शेंगा सोलल्या, हे वेगळं.

पण तू काही जुन्याचीच भक्त नव्हतीस, आणि हे मी पुढे कितीतरी वर्षं सोयीने विसरले. माझ्या पदवीच्या वेळी तू सुरतेला आलीस. मी तुला तापीकाठचे जुने दरवाजे दाखवायला निघाले होते. वाटेत एक काचेची उंच इमारत लागली. तू तिथेच थांबलीस. काचेपुढे उभी राहून केस सारखे केलेस, पदर नीट घेतलास, कुंकू पाहिलंस आणि म्हणालीस, "माय वं, देख, मी कितली चांगली दिसी ऱ्हायनी!" तू तिथून हलायलाच तयार नव्हतीस. जुने दरवाजे राहिलेच.

तर आता कार्यालयाचं. तू गेल्यानंतर गाव खूप वाढलं. कार्यालयंही खूप झाली, पण कुठे चूल पेटवू देत नाहीत, फरशी काळी होते म्हणून. कुठे ढोल वाजवू देत नाहीत. मांडे करणाऱ्या बाया लग्नात खुर्चीवर बसून जांभया देऊ लागल्या. आपल्या वस्तीतल्या लोकांनी मिळून स्वतःचं कार्यालय बांधायचं ठरवलं, आणि समितीचे अध्यक्ष झाले मिरचीचे एक व्यापारी. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. मी माझा आराखडा नेला: मध्ये मोकळा चौक, भोवती सागवानी खांबांची ओसरी, पुढे लांब ओटा, मागे चुलींचं अंगण. त्यांनी आधीच सुरतेहून दुसरा एक आराखडा मागवला होता. सगळीकडून काच, आत एसी. ते मला म्हणाले, "ताई, आपलं गाव आते शहर व्हई गयं. काच पाह्यजे, काच! आमनं समदं आयुष्य धुळमा गयं. तुम्ही शहरमा शिकी आल्यात, म्हनून तुम्हले जुनं आवडस."

माय, ते मला फार लागलं. कारण त्यात खरं होतं. घरी येऊन मी स्वतःलाच विचारलं, हा चौक, हे खांब मी लोकांसाठी काढलेत की माझ्या आठवणींसाठी? कागदावर तर दोन्ही आराखडे सुंदरच दिसत होते. मग मी समितीला म्हटलं, निवड करण्याआधी मला एक रविवारची सकाळ आणि ती मोकळी जागा द्या. आपण तिथे एक लग्न लावून बघू. नवरा-नवरी नसलेलं.

त्या सकाळी मी आणि गवंड्यांनी फक्कीने, मैदान आखतात त्या पांढऱ्या पुडीने, माझा सगळा आराखडा जमिनीवर खऱ्या मापात काढला. भिंती, दारं, ओटा, चुली, सगळं. मग गल्लीतल्या लोकांना सांगितलं, या, लग्नाला आल्यासारखं वागा. आधी सगळे लाजले. अध्यक्षांना नवरदेवाचा बाप केलं. ते फक्कीच्या दारातून ऐटीत आत आले, उभे राहिले, वाट पाहिली, आणि खरोखरच तापले: "पाव्हना उभा शे अन कोनी पानी बी इचारत नही!" बाया खदखदून हसल्या, आणि मी दारापाशी माठांसाठी जागा काढली. त्या हसण्यानंतर कोणाला धीर धरवेना. म्हातारे ओट्याच्या रेघेवर जाऊन बसले, आणि माझा ओटा आखूड पडला. मागे तुझी ती मैत्रीण, समोरची मावशी, माझ्या चुलींपुढे बसली आणि पलीकडे बोट करून म्हणाली, "वारा तथाईन येस, धूर समदा मांडवमा जाई." दुसरी म्हणाली, मुळीच नाही, हिवाळ्यात वारा उलटा असतो. पहिली म्हणाली, लग्नं काय हिवाळ्यातच लागतात का? आवाज चढले. नसलेल्या चुलीवरून, नसलेल्या धुरासाठी दोघी हातवारे करून भांडत होत्या, आणि बाकीच्या बाजू घेत होत्या. मी फक्कीची पाटी हातात धरून तिथेच हसत सुटले. लोकांना वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं होतं, हे त्यांना काय सांगू!

आपल्या शेजारच्या गल्लीत एक प्राध्यापक राहतात. मूळ घर धडगावच्या वरच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यात, नोकरी इथल्या कॉलेजात. गावात आता त्यांच्याकडची पुष्कळ कुटुंबं आहेत, पण लग्नं लावायला सगळी घाट चढून जातात. समितीत ते फार बोलायचे नाहीत. मी त्यांच्या नाचासाठी म्हणून कोपऱ्यात मातीची एक गोल जागा ठेवली होती आणि मनातून खूश होते. ते आपल्या माणसांना आणि मोठ्या ढोलाला घेऊन आले. गोल पाहिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हा गोल बघायचा आहे की नाचायचा? आमच्यात लग्न म्हणजे नाचच." मी म्हटलं, तुम्हीच सांगा किती हवा. "सांगता नाही येत," ते म्हणाले, आणि ढोलावर थाप पडली.

बाया हातात हात गुंफून फिरू लागल्या, पुरुष त्यांच्या मागून. माझी फक्कीची रेघ पहिल्याच फेऱ्यात पुसली गेली. फेरा वाढत गेला. आपल्या गल्लीतल्या पोरी शिरल्या, मग त्यांच्या आया. भांडणाऱ्या दोघी भांडण तसंच ठेवून शिरल्या. फेरा माझ्या गाड्यांच्या जागेवरून गेला, एका भिंतीतून गेला, आणि नवरदेवाच्या बापाला घेऊन गेला. अध्यक्ष आधी 'नको नको' करत होते, मग टोपी सावरत असे नाचले की त्यांची बायको ओट्याच्या रेघेवर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. ढोल थांबला तेव्हा जमिनीवर पायांनी नवा गोल काढलेला होता, मी आखलेल्यापेक्षा दुप्पट मोठा, जरासा वाकडा. मी टेप घेऊन त्याचंच माप घेतलं. अध्यक्ष धापा टाकत माझ्याजवळ आले. "गाड्या भाईर लावतीन, ताई," म्हणाले. "नाचाले जागा ऱ्हाऊ द्या."

मग मी पण एक दिलं. त्यांची काच दिली. पुढच्या बाजूला, दारातून आत येताना, उत्तरेकडे तोंड करून एक लांब काचेची भिंत. वर छज्जा पुढे काढला, म्हणजे काच उन्हाने तापणार नाही. नाराजीने नाही दिली. पेन्सिल हातात घेतली तेव्हा सुरतेच्या रस्त्यावर केस सारखे करणारी तू डोळ्यांपुढे होतीस. आता लग्नाला येणारी प्रत्येक बाई तिथे थांबते, पदर ठीक करते, शेजारणीला काहीतरी म्हणते आणि हसत आत जाते. अध्यक्ष येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, काच माझ्या सांगण्यावरून आहे. आहेच.

पहिलं लग्न प्राध्यापकांच्या मुलीचं झालं. डोंगरातून जीप भरभरून माणसं आली. मातीच्या त्या वाकड्या गोलात संध्याकाळपर्यंत ढोल वाजत होता, आणि मागच्या अंगणात समोरच्या मावशीने हट्टाने खापर चढवलं, "पाव्हनासले मांडे खावाडतस" म्हणून. तिकडच्या बाया चुलीभोवती बसून बघत होत्या. भाषा एकमेकींना अर्धी कळत होती आणि हसणं पूर्ण. एकीने गोळा हातावर घेतला, मांडा फाटला, आणि सगळ्यांनी मिळून तो फाटका मांडाच आधी खाल्ला.

आता हे पत्र मी घडी घालून ठेवते. पाकिटावर काय पत्ता घालू? पण तुला म्हणून एक सांगते, बाकी कोणाला माहीत नाही. मी बोलावणं नसलेल्या लग्नांना जाते. काम करून थकले की चांगली साडी नेसते, काचेपुढे पदर सारखा करते आणि सरळ आत शिरते. मुलीकडच्यांना वाटतं मी मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची. ओट्यावर बसते, लोक बघते, जेवते. परवा मागच्या अंगणात गेले तर खापरापुढे एक अनोळखी बाई होती. गरम मांडा माझ्या ताटात वाढताना तिने विचारलं, "तू कोनाकडली वं, माय?"

मी म्हटलं, "मी घरनीच शे." घरचीच तर आहे मी. आणि अजून एक मागून घेतला.