सपनाचा उजवा हात

मी, सोनाजी मारोती खिल्लारे, वय वर्षे एकसष्ट, एस.टी.च्या वसमत आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त, राहणार शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही. पोटात गाठ आहे आणि पावसाळा उलटेल असा भरवसा डॉक्टरांनी दिलेला नाही, म्हणून ही घाई. यापूर्वी मी काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे.

१. माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व मागची मोकळी जागा माझी पत्नी जनकाबाई हिला देतो. तिच्या पश्चात ते आमची मुलगी सपना हिचे. सपना हिंगोलीला अंगणवाडीत काम करते. आठ वर्षांत तिने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. आईला भेटायचे झाले तर औंढ्याच्या बसस्टँडवर बोलावते. घर घेईल की नाही, ठाऊक नाही. नाही घेतले तर कोणी तिला बोल लावू नये.

२. बँकेत जे असेल ते जनकाबाईचे. त्यातून तिने आधी डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. "तुमचं झाल्यावर बघू," असे ती चार वर्षे म्हणत आली आहे. आता माझे होतच आले आहे.

३. काठी मला ग्यानबा धनगरांनी शिकवली. मी नऊ वर्षांचा होतो. ते ओढ्याच्या पलीकडे मेंढरे राखायचे, मी अलीकडे उभा राहून त्यांचे हात बघायचो. एक दिवस ओढा ओलांडून आले आणि काठीला काठी भिडवली. मी घाबरलो. "काठी लांब हाय लेकरा, इटाळ होत न्हाई," म्हणून हसले. ते हसणे अजून सलते. त्यांच्याइतकी माया मात्र नंतर कोणत्याच गुरूने लावली नाही. त्यांनी दिलेली काठी त्यांचा नातू प्रभू याला द्यावी, तो अजून मेंढरे राखतो.

४. मुद्गलांची जोडी हिंगोलीच्या रामसिंग वस्तादांच्या तालमीला द्यावी. वस्ताद गेले म्हणून भांडण मिटले असे कोणी समजू नये. त्यांनी मला दोन वर्षे दाराबाहेर उभे करून कुस्त्या बघायला लावल्या. तिसऱ्या वर्षी मातीत घेतले आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत स्वतः माझ्याशी लढले. राग आणि उपकार दोन्ही मी सोबत नेतो.

५. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी दर रविवारी नांदेडला जाऊन कराटे शिकलो. सर बावीस वर्षांचे, रांगेतली पोरे दहा-बारा वर्षांची, मी सगळ्यांत मागे. सोबत तेरा वर्षांची सपना. तिचा पट्टा माझ्याआधी बदलला. परतीच्या गाडीत तिने तो माझ्या कमरेला बांधून पाहिला आणि वसमत येईपर्यंत हसत राहिली. आमचे दोन्ही पोशाख जनकाबाईने पेटीत ठेवले आहेत. ते कोणाला देऊ नयेत.

६. दांडपट्टा मला वसमतच्या लाडलेसाब उस्तादांनी शिकवला. पट्ट्याने तळहातावरचे लिंबू कापायचा खेळ सर्वांनी पाहिलेला आहे. उस्तादांचा दंडक असा, की लिंबू उस्तादाच्या हातावर आणि पट्टा शागिर्दाच्या हातात. "गलती तेरी, तो लहू मेरा. तब मैं बराबर सिखाऊंगा," असे ते म्हणत. अकरा वर्षे त्यांनी माझ्यासमोर हात धरला. ओरखडासुद्धा आला नाही.

सत्त्याण्णवच्या जयंतीला वसमतच्या मिरवणुकीत मी हा दंडक मोडला. माझा शागिर्द भीमराज माझ्या हातावरचे लिंबू कापणार होता. लोक ओरडू लागले, "सोनाजीमामा, तुमीच दाखवा, डोळे बांधून दाखवा!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. सपना पुढे आली, तिने उजवा हात धरला. डोळे बांधण्याआधी पात्याचे टोक हाताला लावून अंतर घ्यायचे असते. तेवढ्या लोकांत आपण कच्चे दिसू, म्हणून मी ते घेतले नाही. तिची दोन बोटे गेली. पुढच्या महिन्यात तिला पोलीस भरतीला जायचे होते.

डोळ्यावरची पट्टी काढली आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "हात हलवलास काहून?" सगळ्या चौकाने ऐकले. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून लोक म्हणतात की पोरगी घाबरली, पोरीने हात हलवला. मी आठ वर्षे ते तसेच चालू दिले.

तर लिहून ठेवतो, की सपनाने हात हलवला नव्हता. माझे डोळे बांधलेले होते, मला काही दिसत नव्हते, तरी मी बोललो.

७. खरे सांगायचे तर आधीच्या कागदात या जागी एवढेच होते, की पट्टा भीमराजला द्यावा. तो साक्षीला आला, त्याने वाचले आणि पेन खाली ठेवला. "गुरुजी, मी बाजूलाच उभा व्हतो. तिचा हात दगडावानी व्हता. आठ वर्सं तुमच्या मानापायी गप ऱ्हायलो. आता सही न्हाई करत." मी फाडून नवीन कागद घेतला आणि वरचे कलम लिहून दाखवले. तरी त्याने पेन उचलला नाही. "मेल्यावर कबूल करून राहिले व्हय? तिला काही बोलायचं आसंल तं ती कोणाला बोलंल?" जनकाबाई चुलीपाशी बसून रडत होती.

म्हणून असे ठरवतो. बाकीची कलमे मी गेल्यावर लागू होतील. कलम सहा आजपासून लागू. पट्ट्याचे काय करायचे ते सपना ठरवील. उद्या सकाळच्या गाडीने मी व भीमराज हिंगोलीला जात आहोत. हा कागद तिच्यासमोर मी स्वतः वाचीन. तिने दार उघडले नाही तर दाराबाहेर उभा राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात वाचीन. मग ती जे बोलेल ते ऐकून घेईन, मधे एक शब्द बोलणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, तो बरोबर आहे.

सही: सोनाजी मारोती खिल्लारे

साक्षीदार:
१. भीमराज किसन खंदारे, वसमत (कलम सात लिहून झाल्यावर सही केली)
२. पंचफुलाबाई दत्तराव ढेंबरे, शेजारीण, शिरड शहापूर

ठिकाण: शिरड शहापूर
दिनांक: १२ जून २००५