लॉगिन केल्यावर कोण कुठे

३ तारीख, सोमवार. सकाळी ९.१०
अखेर लॅबला माझी किंमत कळली! लॅबच्या मालकीण डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. साइटवर लॉगिन केलं की पेशंटला थेट त्याचा रिपोर्ट दिसला पाहिजे, डॉक्टरला त्याच्या पेशंटची यादी आणि स्टाफला कामाचं पान. सध्या सगळे एकाच पानावर येऊन पडतात आणि फोन करून विचारतात, आता कुठे दाबू. मी म्हटलं, चार दिवसांचं काम. बाई म्हणाल्या, पंधरा तारीख घ्या, शनिवारी सकाळी आठला सुरू करू. नाही जमलं तर बाहेरची कंपनी तयार आहे, आणि तुम्ही परत काउंटरवर.

काउंटरवर! अकरा वर्षं उभं राहून रिपोर्टची पाकिटं वाटली. आता कुठे खुर्ची मिळाली, तीही फिरती. मरेन पण सोडणार नाही.

संकल्प: रोज सहाला उठून चालणे. चहा बिनसाखरेचा. मेहुण्याला काहीही विचारायचं नाही.

४ तारीख, मंगळवार
चाललो नाही. डोकं कामासाठी ताजं हवं.
ही रोजनिशी साइटवरच चाचणीचं एक पान उघडून लिहितोय. घरी वही ठेवली की बायको वाचते. या पानाकडे कुठूनच रस्ता नाही. तिजोरीच.

६ तारीख, गुरुवार. दुपारी
नियम लिहून झाले. खात्यावर 'पेशंट' असेल तर इकडे, 'डॉक्टर' असेल तर तिकडे, 'स्टाफ' असेल तर पलीकडे. माझ्या लॉगिनने आत गेलो. थेट स्टाफच्या पानावर! पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर.

हिने भावाला सांगितलंच. मेहुण्याचा फोन. तो दिवसभर हेच काम करतो, म्हणून आपल्याला कळतं असा त्याचा समज. म्हणे, दाजी, स्वतःच्या लॉगिनवर तपासू नका, दहा जुन्या पेशंटांची खाती घेऊन बघा. म्हटलं, अकरा वर्षं पेशंट बघितलेत, मला शिकवू नकोस.

१० तारीख, सोमवार
आज एक फालतू अडचण. ज्याचं खातं कशातच बसत नाही त्याला कुठे पाठवायचं? काहीतरी पान द्यावंच लागतं. हाताशी मोकळं एकच होतं, हे रोजनिशीचं. तात्पुरतं तेच टाकलं. सुरू करायच्या आधी बदलायचं. विसरू नये म्हणून रुमालाला गाठ मारली.
तसा माणूस असणार तरी कोण? नोंदणीच्या वेळी प्रत्येकाचा प्रकार चौकटीत भरतातच. मी काउंटरवर असताना ती चौकट रिकामी सोडायचो, ती गोष्ट वेगळी. रांग भराभर सरकायची. माझ्याइतकी जलद नोंदणी आजवर कोणाला जमलेली नाही.
चाललो नाही. पाय दुखतो.

१२ तारीख, बुधवार. ११.३०
बाहेरच्या कंपनीचा माणूस आला होता. 'सहज'. माझ्या खुर्चीवर बसला. खालीवर करून बघितली.
रक्त काढणाऱ्या ताईंनी बीपी घेतलं. परत घेतलं.
चहात दोन चमचे साखर. प्रसंगच तसा. डॉक्टरबाईंना यातलं ओ की ठो कळत नाही, चकचकीत बूट दिसले की भुलतात.

१४ तारीख, शुक्रवार
उद्या आठ वाजता. काहीतरी राहिलंय असं सकाळपासून वाटतंय. रुमालाला गाठ आहे, पण कशाची ते आठवेना. शेवटची चाचणी माझ्याच लॉगिनने. चोख.
जेवताना हिने विचारलं, एकदा भावाला दाखवायचं का. मी ताटावरून ताडकन उठलो. मग परत बसलो, भात राहिला होता.

१५ तारीख, शनिवार. ७.५५
बाई मागे उभ्या. चालू केलं.

८.२०
एकही फोन नाही! एरवी मिनिटाला एक. दोनशे माणसं साइटवर आणि एकेक जण दहा-दहा मिनिटं थांबतोय. रिपोर्ट इतक्या मन लावून वाचणारे पेशंट बघून ऊर भरून आला. बाई खूश. कंपनीवाल्याने आता दुसरी खुर्ची शोधावी.

८.४०
ताई मोबाइल घेऊन आल्या. तोंडावर पदर. एका पेशंटने पाठवलंय म्हणे. बाईंनी मोबाइल घेतला. वाचतायत. अजून वाचतायत.
गाठ कशाची ते आत्ता आठवलं.

१७ तारीख, सोमवार. काउंटर
वहीत लिहितोय.
बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की ओ की ठो कळत नसेल, पण वाचता येतं. आतून माझ्या खुर्चीची करकर ऐकू येते. लाज वाटते.
मेहुणा रविवारी येऊन सात मिनिटांत सगळं नीट करून गेला. चहा बिनसाखरेचा मागितला.
मी रिकाम्या सोडलेल्या चौकटी आता मीच भरायच्या. तीन हजार दोनशे. आज एकोणीसच झाल्या, कारण रांग सरकत नाही. पहिल्याच आजोबांनी विचारलं, आज तरी चाललात का? त्यांच्यामागच्या बाईंनी विचारलं, साखर किती चमचे? पार दारापर्यंत सगळे उत्तरासाठी थांबले.
ही वही हिनेच आणून दिली. म्हणाली, खुशाल कुठेही ठेवा, मी वाचणार नाही. तिचंही खातं माझ्याच हातचं, रिकाम्या चौकटीचं निघालं.