आवाज गेल्यावरची पहिली

१३ नोव्हेंबर १९७८
आवाज गेला तो गेलाच! बेळगावला घशातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बोलायला लागाल. दिवाळी झाली. तोंड उघडलं की नुसता वारा.
आज निपाणीला शाळेत हजर झाले. हेडमास्तर तवनाप्पा गुरुजी म्हणाले, "राजमतीबाई, पहिलीचा वर्ग न बोलता कसा चालायचा?" मी पाटीवर लिहिलं — थोडे दिवस बघू द्या. गुरुजींनी पाटी पुसून परत दिली. मग म्हणाले, "बघा." उपकार त्यांचे.

१४ नोव्हेंबर
पोरं अख्खं पुस्तक धडाधड म्हणतात. आज फळ्यावर लिहिलं — खाली बसा. सगळी उभीच! एकालाही वाचता येईना. मी म्हणायची, ती माझ्यामागं ओरडायची. एवढंच चाललं होतं तर.

१५ नोव्हेंबर
‘उठा’ लिहिलं आणि मीच उठले. ‘बसा’ लिहिलं, बसले. ‘हसा’ लिहिलं — मला हसता कुठं येतंय! नुसते खांदे हलले. त्यावरच पोरं लोळून हसली.

२३ नोव्हेंबर
जमत नाही. गोंगाट होतो, ओरडता येत नाही. घरी येऊन रडले. आई म्हणाली, "सोड की गं नोकरी." मान हलवली. नाही.

२ डिसेंबर
आज काय झालं!
यल्लव्वा — घरी कन्नड, मराठी फारसं कळत नाही, जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. तिच्याशी कन्नडमध्ये बोलायची मी, तर मान खाली. आज फळ्यावर लिहिलं — पाणी आण. कोणी हलेना. ही उठली. माठातून तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला. भरमा ओरडला, "बाई, यल्लीनं वाचलं! यल्लीला येतंय!"
ते पाणी पिताना घसा दुखला. पण सगळं प्याले.

३ डिसेंबर
रविवार. यल्लव्वाची आई कोंडाबाई घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन येताना दारात आली. "बाई, पोरगी भिताडावरचं वाचतीया. काय वाचतीया मला कळंना, पर थांबंना बगा!" पदरात ज्येष्ठमध बांधून आणला होता. माझ्या घशासाठी.

१९ फेब्रुवारी १९७९
तपासणी. साहेबांनी दारातूनच विचारलं, "वर्ग एवढा गप्प कसा?" गुरुजींनी सांगितलं. साहेबांचा चेहरा बदलला. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं — माझी टोपी कुठे आहे?
 हे वाक्य कुठल्याच धड्यात नाही.
पोरं फळ्याकडं, मग साहेबांकडं बघायला लागली. मग भरमा — "सायेब, तुमच्या डोस्क्यावर हाय की!"
सगळा वर्ग हसत सुटला. साहेबही. यल्लव्वा खुदुखुदु हसत होती. तोंड दाबून, पण हसत होती!
देवा, आणखी काय मागू?

१० एप्रिल
सगळी दुसरीत गेली. जाताना पाया पडायला झुंबड. ओल्या डोळ्यांनी उभी राहिले. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेले.

१६ एप्रिल
बेळगावला गेले होते. डॉक्टरांनी घसा बघितला. म्हणाले, कुजबुजण्याएवढा येईल. वर्गात शिकवण्याएवढा नाही. कधीच नाही.
खडेबाजारातून चालत स्टँडवर आले. लोक भाव करत होते, हाका मारत होते. किती सहज.

१८ एप्रिल
गुरुजींना सांगितलं. म्हणजे लिहिलं. ते म्हणाले, "काळजी करू नका. जूनपासून माझ्या खोलीत बसा, दाखले लिहा. पहिलीच्या दोन्ही तुकड्या दुसऱ्या तुकडीच्या बाई बघतील." चांगल्या मनानं म्हणाले. म्हणूनच नाही म्हणता आलं नाही.

१ जून
पहिलीचे प्रवेश. मी दाखले लिहायला बसले. एक बाई पोरीला धरून आली, ओळखीची नव्हे. गुरुजींना म्हणाली, "हिला त्या मुक्या बाईंच्याच वर्गात घाला. तिथली पोरं वाचत्यात म्हनं."
गुरुजींनी माझ्यापुढचे दाखले उचलून आपल्याकडं ओढले आणि दाराकडं बोट केलं. तिच्यामागं पार फाटकापर्यंत पोरांना धरून आया उभ्या होत्या.